यो कांई छै?

बाबांची हत्यारांची पेटी जिन्याखालून बाहेर काढायची, असं आमच्या घरी दोन दिवाळ्या नुसतं ठरलं. तिसऱ्या दिवाळीला बायकोनं ठरवण्याचं खातं माझ्याकडून काढून घेतलं आणि कबाडीवाल्याला हाक मारली. जयपूरच्या वैशाली नगरात कबाडीवाला शोधावा लागत नाही. आधी दूधवाला, मग गाणं वाजवत कचऱ्याची गाडी, मग हा. त्यानं पेटीचं झाकण उघडलं, एक वस्तू उचलली, उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली आणि इथल्या ढूंढाडी बोलीत विचारलं, "यो कांई छै?" म्हणजे, हे काय आहे?

"पाना है," मी म्हणालो.

"पाना तो मुझे भी दिख रहा है, बाबूजी. किस चीज़ का?"

इथे माझं शिक्षण संपलं. मी सव्वीस वर्षं विमा कंपनीत मोटारीचे दावे मंजूर करतो. चेपलेल्या बॉनेटांचे फोटो मी हजारांनी पाहिले असतील, पण बॉनेटखाली काय असतं ते सर्व्हेअर लिहितो तेवढंच मला माहीत. स्वतःच्या गाडीचं बॉनेट मी एकदाच उघडलं. आत काळ्या प्लॅस्टिकचं आणखी एक झाकण होतं. 'तुमचं इथे काही काम नाही' हे इतक्या सभ्यपणे सांगणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

कबाडीवाल्यानं काट्याला पेटी लावली. एकेचाळीस किलो. तो लोखंडाचा भाव सांगायला लागला, तेवढ्यात आतून मटार सोलता सोलता आईचा आवाज आला, "त्याला म्हणावं, पितळ वेगळं तोल! त्यात निदान दोन किलो पितळ आहे." बाबांची आठवण म्हणून ती पेटी थांबवेल असं मला वाटलं होतं. थांबवली, पण पितळेच्या भावासाठी. पितळ वेगळं काढायचं तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहायला हवी. कबाडीवाल्याला तेवढा वेळ नव्हता. तो "अगले इतवार" म्हणून गेला. मग बायकोनं अट घातली: महिन्याभरात जी वस्तू ओळखता येईल ती घरात राहील, जिचं नाव-गाव लागणार नाही ती गाडीवर जाईल. निर्वासितांच्या छावणीत असतो तसा हा नियम होता आणि ओळखपत्रं तयार करणारा कारकून मी होतो.

बाबा सांगलीहून १९७१ साली जयपुरात आले, ते खातीपुरा रोडवरच्या बेअरिंगच्या कारखान्यात, म्हणजे नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजमध्ये. इथले लोक त्याला एनबीसी म्हणतात. १९४६ साली निघालेला हा कारखाना. देशात बेअरिंग बनायला लागली ती इथे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे कधीच पटलं नाही. जयपूर म्हटलं की त्यांना जयपूर-अत्रौली घराणं आठवतं. लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारणार, "तुमच्याकडे गाणं खूप ऐकायला मिळत असेल, नाही?" बाबा सांगायचे, "त्या घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब पुढे कोल्हापूर आणि मुंबईला राहिले. गाणं तुम्ही नेलंत, आम्हाला बेअरिंग ठेवलीत."

तर हे बाबा टूलरूममधले. आठवड्यातले सहा दिवस कारखान्यात मायक्रॉनमध्ये बोलायचे आणि रविवारी घरी गाडी खोलायचे. गाडीचं नाव सांगत नाही. ती बनवणं केव्हाच बंद झालं आहे, आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. ती आमच्याकडे आली तेव्हाच तिसऱ्या मालकाची होती आणि तिच्या स्वभावाचा बराचसा भाग आधीच्या दोन मालकांनी घडवलेला होता. शिवाय एक स्कूटर होती. शेजाऱ्यांची एक बुलेट होती, ती त्यांच्यापेक्षा आमच्या अंगणात जास्त राहायची.

त्या काळात ज्यांचे वडील स्वतः गाडी दुरुस्त करायचे, त्या सगळ्या मुलांची एक मूक संघटना आहे. आम्ही बॅटरी धरणारे. वडील गाडीखाली, आम्ही बाहेर, हातात तीन सेलची बॅटरी. "उजेड इकडे पाड." इकडे म्हणजे कुठे, हे गाडीखालून कळत नाही. "माझ्या डोळ्यांत नको, नटावर पाड." नट कुठे आहे हे ठाऊक असतं, तर आमचीही वेगळी आयुष्यं झाली असती. मग "बारा-तेरा दे." दोन तोंडांचे फिक्स पाने जोडीनं येतात: आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. मी घाबरून सोळा-सतरा द्यायचो. गाडीखालून हात बाहेर यायचा, पाना चाचपायचा आणि पाना तसाच परत यायचा. एक शब्द नाही. परत आलेल्या पान्याइतका मोठा अपमान मला पुढे कुठल्याही साहेबानं केला नाही. काही लोक पाना हा शब्द 'पान्हा' असा लिहितात. आमच्या घरी तो फुटलेला मी एकदाच पाहिला: नववीत असताना मी न सांगता बरोबर सतरा नंबरची गोटी पुढे केली, आणि गाडीखालून "शाब्बास" आलं. आवाज थोडा घोगरा होता. आई म्हणते, तोंडात ऑइल गेलं होतं.

असो. पहिल्या रविवारी मी पेटी अंगणात उपडी केली. चौदा-पंधराचे तीन पाने निघाले, दहाचा एकही नाही. दहाचा पाना हरवतो ही जगातल्या सगळ्या गॅरेजांची एकमेव समान श्रद्धा आहे. आमच्याकडेही तिला तडा गेला नाही. बाकी ढीग पाहून मला जंतरमंतर आठवलं. पाहुणे आले की बाबा त्यांना तिथे न्यायचे. सवाई जयसिंहाची ही वेधशाळा १७३४ च्या सुमाराला पुरी झाली. त्यातलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंचीचं आहे, आणि एवढा मोठा दगडी जिना सावलीवरून वेळ सांगतो तो दोन सेकंदांच्या फरकानं. पाहुणे प्रत्येक यंत्रापुढे उभे राहून तेच विचारायचे, यो कांई छै. बाबांना त्यातली एकच गोष्ट सांगायला आवडायची. जयसिंहानं आधी पितळेची यंत्रं करून पाहिली. त्यांचे आस झिजत, मध्य सरकत, मापं चुकत. म्हणून त्यानं दगड आणि चुना घेतला. "म्हणजे महाराजांची खरी अडचण बेअरिंगची होती," बाबा म्हणायचे, "आमचा कारखाना दोनशे वर्षं उशिरा निघाला." पाहुणे नम्रपणे हसायचे आणि हवामहल कुठे आहे ते विचारायचे.

जंतरमंतरात निदान प्रत्येक यंत्रापुढे पाटी आहे. माझ्यापुढे गंज होता. आईनं सुचवलं, चिंचेच्या कोळात बुडवून ठेव. बायकोनं सुचवलं, माझ्या पातेल्यात नाही. शेवटी जुन्या बादलीत डिझेल, तारेचा ब्रश आणि पितळी वस्तूंसाठी ठाण्याहून मावशीनं आणलेली पितांबरी. दोन तासांनी गंजाखालून अक्षरं वर यायला लागली. शिलालेख सापडलेल्या माणसाला काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं. सगळ्यात जास्त पान्यांवर एकाच कंपनीचं नाव होतं: ड्रॉप फोर्ज्ड. मी वहीत लिहिलं, 'मेसर्स ड्रॉप फोर्ज्ड, बहुधा इंग्लंड.' त्यांची एक भगिनी संस्थाही निघाली, क्रोम व्हॅनेडियम. दोन संध्याकाळी मी या दोन घराण्यांचा इतिहास शोधत होतो. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका सर्व्हेअरला विचारलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. ड्रॉप फोर्ज्ड म्हणजे लाल तापवलेलं पोलाद साच्यात ठेवून वरून घण पाडून घडवलेलं. क्रोम व्हॅनेडियम हे त्या पोलादात काय मिसळलंय त्याचं नाव. साडीच्या काठावर 'शुद्ध रेशीम' वाचून विणकराचं आडनाव रेशीम असावं असं समजण्याइतका हा प्रकार भाबडा होता.

खऱ्या नावांच्या कथा मात्र भलत्याच निघाल्या. एका पान्यावर 'गेडोरे'. मला वाटलं इटालियन असेल. निघाले जर्मन: रेमशाइड गावचे डोविडाट बंधू. 'बंधू'साठी असलेल्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर, आडनावाचं पहिलं आणि गावाचं पहिलं असं जोडून १९१९ साली त्यांनी कंपनीचं नाव केलं. आपल्याकडे मिरजेच्या जोशी बंधूंनी 'जोबंमि' नावानं पेढी काढावी तसं. त्या पान्यावर 'पश्चिम जर्मनीत बनवलेला' असंही कोरलेलं आहे, म्हणजे तो ३ ऑक्टोबर १९९० च्या आधीचा. त्या दिवशी पश्चिम जर्मनी संपली. देश गेला, पाना आहे. एका छोट्या सरकत्या पान्यावर 'किंग डिक' असं ठसठशीत लिहिलेलं. मी इंग्लंडच्या राजांची यादी काढून बसलो. हा राजा नव्हताच. बर्मिंगहॅमच्या त्या कंपनीतल्या बुलडॉगचं ते नाव. सांगलीत कुणी पाने काढले असते तर त्यांना मोत्या नाव दिलं असतं का? दिलं असतं तर खपले असते का? मला वाटतं, दोन्हीचं उत्तर नाही. इंग्रजानं कुत्र्याचं नाव दिलं की ब्रँड होतो.

तीन वस्तूंवर नुसता एक बाण होता. नाव नाही, गाव नाही, टोक वर केलेला रुंद बाण. मुलगा म्हणाला, "ही बाजू वर ठेवा असं असेल." प्रत्यक्षात ब्रिटिश सरकार आपल्या लष्करी मालावर हा बाण ठोकायचं. महायुद्ध संपलं आणि असा माल डिस्पोजलमध्ये विकला गेला, बाजारांत ढिगानं आला. आमची पेटीसुद्धा बंदुकीच्या गोळ्यांची. ज्या खणात गोळ्या होत्या त्यात बाबा वॉशर ठेवायचे.

पण सगळ्यात जास्त छळलं ते एका साध्या दिसणाऱ्या पान्यानं. त्यावर लिहिलं होतं '१/४ डब्ल्यू'. पाव इंच. मी पट्टी लावली. तोंड अर्ध्या इंचाहून मोठं. पुन्हा लावली. पट्टी बदलली. मुलाच्या कंपासपेटीतली आणली. शेवटी सर्व्हेअरकडचं कॅलिपर लावलं: शून्य दशांश पाच दोन पाच इंच, म्हणजे तेरा मिलिमीटर आणि वर थोडं. बाबा खोटं लिहिलेला पाना घरात ठेवतील हे शक्य नव्हतं. मग उलगडा झाला. 'डब्ल्यू' म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. १८४१ साली या इंग्रज कारागिरानं पहिल्यांदा सांगितलं की सगळ्यांच्या स्क्रूचे आटे एकसारखे असावेत, पंचावन्न अंशांचे. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा नट फक्त त्याच कारखान्याच्या बोल्टाशी संसार करायचा. गडी मोठाच. पण त्याच्या पद्धतीत पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, नटाचाही नसतो. नटाच्या आत जो बोल्ट जातो त्याच्या जाडीचा असतो. हे म्हणजे टोपीवर डोक्याचा घेर न लिहिता मानेचा घेर लिहिण्यासारखं. त्याच पान्यावर मागच्या बाजूला '५/१६ बीएस' असंही लिहिलेलं, कारण इंग्रजांनीच पुढे बारीक आट्यांची दुसरी पद्धत काढली आणि तिच्या बोल्टांची डोकी एक माप लहान ठेवली. एकच तोंड, दोन आकडे, आणि दोन्ही त्या तोंडाचे नाहीत.

याहून वरची कडी म्हणजे 'बीए' नावाचे चिमुकले पाने. इग्निशनच्या आणि मीटरच्या बारीक स्क्रूंसाठीचे. यात नंबर वाढतो तसा स्क्रू लहान होतो. सगळ्यात मोठ्याला शून्य म्हणतात, आणि तो बरोबर सहा मिलिमीटरचा! इंच सोडून दुसरं माप न मानणाऱ्या इंग्रजांनी एकदाच मिलिमीटर वापरला, आणि कुणाला कळू नये म्हणून आकडे उलटे लावले, असा माझा स्वतःचा निष्कर्ष आहे.

आता त्या काळातल्या आपल्या मिस्त्रीवर दया करा. गल्लीत चार घरं. एकाकडे उत्तरपाड्याची अँबेसेडर, तिला इंचाचे पाने. दुसऱ्याकडे सोलापूरच्या वालचंदांनी उभारलेल्या कंपनीची, कुर्ल्याची फियाट. मूळ इटालियन, तिला मिलिमीटर. तिसऱ्याकडे मद्रासची बुलेट, तिला हे व्हिटवर्थ महाराज. चौथ्याकडे जीप, ती अमेरिकन इंचाची. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी मेट्रिक मापांचाही. प्रांत वेगळे झाले, शेराचा किलो झाला, पण पान्यांना कुणी काही कळवलं नाही. साडेबारा नंबरच्या नटाला तेराचा पाना आणि फटीत ब्लेडचा तुकडा, हा या देशाचा खरा राष्ट्रीय ऐक्याचा कार्यक्रम होता.

दरम्यान वस्तू ओळखायला शेजारीपाजारी येऊ लागले. आम्रपाली सर्कलपासून आमच्या गल्लीपर्यंत बातमी पोचली होती. इथे मला एक शोध लागला: वस्तू कसली आहे हे कुणीच सांगत नाही, प्रत्येक जण आपण कोण आहोत ते सांगतो. समोरचे निवृत्त कर्नलसाहेब प्रत्येक वस्तू हातात घेऊन "टँक" म्हणाले. पत्र्याचं एक गोल कडं, जे आवळता येतं, तेही टँकचं. शेजारच्या मावशींनी तेच कडं केक करायचं म्हणून मागितलं. मागच्या गल्लीतले दंतवैद्य आले, त्यांनी चिमटे वेगळे काढले आणि बराच वेळ आदरानं पाहत राहिले. गांधी पथावर कॅफे काढणारा एक तरुण आला. त्याला काहीच ओळखायचं नव्हतं. त्याला सगळं भिंतीवर टांगायचं होतं. "अंकल, विंटेज है," तो म्हणाला आणि कबाडीवाल्याच्या तिप्पट भाव बोलला. मी उत्साहानं घासून लखलखीत केलेला गेडोरे त्याला दाखवला. त्याचा चेहरा पडला. "आपने जंग उतार दी?" गंजासकट तिप्पट, गंजाशिवाय काही नाही. घरात बायकोला गंज नको, गिऱ्हाइकाला गंजच हवा. मी घासणं थांबवलं आणि वस्तूंचे दोन ढीग केले.

तिसऱ्या रविवारी मी उरलेल्या वस्तू तीन कापडी पिशव्यांत भरल्या, रिक्षा केली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आग्रा रोडकडच्या ट्रान्सपोर्ट नगरात गेलो. तिथे एका शेडमध्ये एक जुने उस्ताद बसतात असं सर्व्हेअरनं सांगितलं होतं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. आता काम करत नाहीत. खाटेवर बसून चहा पितात आणि पोरांच्या चुका मोजतात. त्यांच्या पायाशी मी पहिली पिशवी रिकामी केली. उस्तादांनी नावं सांगितलीच नाहीत. त्यांचे हात बोलायला लागले.

दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या असलेली एक लाकडी दांडी होती. आमचा मुलगा तिला भिंतीवर चिकटवून खेळायचा. उस्तादांनी ती दोन तळव्यांत धरली आणि गरागरा फिरवली, डावीकडे, उजवीकडे. हुबेहूब ताक घुसळायची रवी. वॉल्व्ह बसवायच्या आधी त्याला घासायची पेस्ट लावून या दांडीनं जागेवर घोळत बसायचं, तोंड घट्ट मिळेपर्यंत. गोल कडं त्यांनी हवेत आवळलं आणि अंगठ्यानं आत काहीतरी दाबलं: पिस्टनच्या रिंगा सिलिंडरमध्ये घालताना मिटवून धरायचं ते. ज्याला कर्नलसाहेब टँकचं आणि मी छळछावणीचं समजत होतो त्या मोठ्या लोखंडी चिमट्यानं त्यांनी एक अदृश्य स्प्रिंग दाबली. "वाल लिफ्टर," एवढंच बोलले. रबरी फुगा लावलेल्या काचेच्या नळीनं हवेतलं ॲसिड ओढलं आणि डोळे बारीक करून आतला तरंगणारा काटा वाचला: बाराशेऐंशी म्हणजे बॅटरी भरलेली, अकराशेच्या घरात म्हणजे धक्का मारा. पातळ पात्यांचा जुडगा त्यांनी पोथीच्या पानांसारखा उलगडला आणि एक पातं कानाशी नेऊन वाजवलं. फिलर. इग्निशनच्या पॉइंटमधली फट मोजायचा. बाबांचं हे पातं हरवलेलं होतं तेव्हा ते पंधरा पैशांचं पोस्टकार्ड वापरायचे. मामाच्या एका पत्राचा कोपरा त्यात गेला आणि लग्नाची तारीख आम्हाला कळलीच नाही.

गाडी सुरू करायच्या लांब हँडलवर ते थांबले. माझा हात धरून त्यावर ठेवला. माझा अंगठा दांडीखालून वळला होता. त्यांनी तो उचलून बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवला आणि मनगटावर चापट मारली. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल मागे येतं आणि गुंडाळलेला अंगठा मोडतो. मग त्यांनी आपला उजवा अंगठा दाखवला. तो जरा वेगळ्याच दिशेला पाहत होता.

तासाभरात तीन पिशव्या झाल्या. मी शेवटची वस्तू दिली. वीतभर लांब, एका टोकाला चौकोनी भोक, दुसरं टोक बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि एका बाजूला कललेलं, मधे एक बाक, आणि बाकाला पितळेचा एक तुकडा बसवलेला. उस्तादांनी ती घेतली. उजव्या हातात धरली, डाव्यात धरली, उलटी केली. हात थांबले. चहा गार झाला. शेडमधली पोरं जमा झाली, कारण उस्तादांचे हात थांबलेले त्यांनी पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी चष्मा काढून ती डोळ्यांजवळ नेली आणि कडेवरून नख फिरवलं.

"ये खरीदा हुआ नहीं है. कानस के निशान हैं. बनाया हुआ है."

"किसलिए, उस्ताद?"

"एक बोल्ट के लिए. एक गाड़ी के. जिसने बनाया उससे पूछो."

"वो तो नहीं रहे."

"तो गाड़ी से पूछो."

गाडी १९९७ साली विकली. बाबांनी ती विकताना नव्या मालकाला सगळं समजावून सांगितलं होतं. ऐकता ऐकता त्यानं दोनदा किंमत कमी करून मागितली होती.

घरी येऊन मी ती वस्तू आईपुढे ठेवली. वास्तविक सुरुवात इथूनच करायला हवी होती. माझ्या आधीची पंधरा वर्षं बॅटरी आईनं धरलेली. ती स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी उघडत होती. झाकणाभोवती कातडी पट्टा, पट्ट्याला लोखंडी मूठ, एक झटका आणि झाकण मोकळं. तो पट्टा मी लहानपणापासून पाहतोय. उस्तादांकडे तसाच एक भिंतीला टांगलेला होता. ऑइल फिल्टर सोडवायचा. म्हणजे एकेचाळीस किलोंत तो धरलेलाच नाही.

आईनं ती वस्तू ओळखली. लगेच ओळखली. "हे होय? हे त्यांनी अख्खा रविवार अंगणात बसून केलं होतं. दादा आला होता त्या वर्षी. जेवायलाही उठले नाहीत. दादा रागावून स्टेशनवर गेला."

"कशासाठी केलं होतं?"

"काहीतरी घसरत होतं."

"काय घसरत होतं?"

"मला काय माहीत? मी बॅटरी धरत होते, बघत नव्हते."

कबाडीवाला दर रविवारी येऊन फाटकाशी उभा राहतो आणि भुवई उडवून विचारतो. बायकोनं मुदत वाढवून दिली आहे, एकाच वस्तूपुरती. बाकी सगळ्यांच्या मुठींना मी धाग्यानं चिठ्ठ्या बांधल्या आहेत, नाव आणि काम लिहून. त्या पेटीत आहेत, आणि पेटी पुन्हा जिन्याखाली. ही एकटीच चिठ्ठीशिवाय माझ्या टेबलावर आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या वडिलांकडे १९८० च्या आसपास कुरकुरणारी गाडी असेल आणि तिच्या कुठल्याशा अडचणीच्या जागी चौकोनी डोक्याचा एखादा बोल्ट असेल, ज्याच्यापर्यंत सरळ पाना पोचत नसे, तर कृपया कळवावं. मोजमापं अशी: लांबी एकशेनव्वद मिलिमीटर, चौकोन नऊ मिलिमीटर, चोचीची जाडी तीन, कल साधारण तीस अंशांचा, पितळ एका बाजूनं झिजलेलं. दंतवैद्यांनी कळवू नये. त्यांचं उत्तर आलेलं आहे.